दोनशे ग्रॅमचा वजनकाटा आणि अकरावीचा पहिला धडा

माझ्या क्लासच्या टेबलावर गेली दोन वर्षं एक छोटा वजनकाटा आहे. मोबाइलपेक्षा थोडा जाड, वर स्टीलची चौकोनी ताटली, दोन बारीक सेलवर चालणारा. २०० ग्रॅमपर्यंत तोलतो आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. सोनार, मसालेवाले, घरी केक करणाऱ्या बायका असे बरेच जण हा वापरतात. मी तो केमिस्ट्री शिकवायला वापरते. मला ४५० रुपयांना पडला. अकरावीच्या पहिल्या धड्यासाठी याहून उपयोगी वस्तू मला आजवर मिळालेली नाही, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. त्याच्यात काही उणिवाही आहेत, त्या पण सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ, घरातच अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते. एका बॅचला बारा-चौदा मुलं. निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी किंवा सेमी, आणि अकरावी सायन्सला गेल्यावर सगळं अचानक इंग्रजीत. नववीला 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात रेणुवस्तुमान शिकलेलं पोर अकरावीत 'मोलर मास' (म्हणजे एका मोलाचं ग्रॅममधलं वजन; मोल म्हणजे डझनासारखी कणांची एक ठरलेली, प्रचंड मोठी संख्या, तिलाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात) शब्द आला की हा नवीनच प्रकार आहे असं समजतं. शब्द बदलला की ओळख पुसते. मग पाठांतर सुरू होतं: वजन भागिले मोलर मास, मोल गुणिले ॲव्होगॅड्रो अंक. गणित सुटतं, पण "अर्धा मोल मीठ म्हणजे साधारण किती? चिमूटभर, मूठभर की पोतंभर?" असं विचारलं की वर्गात शांतता. दरवर्षी हीच शांतता. ती मोडायला मी काटा आणला.

खरं म्हणजे हा माझा दुसरा काटा. पहिला घेतला तेव्हा मी तपासून घेतला नाही. घरी आणून तीच वाटी पाचदा ठेवली तर पाच वेगळे आकडे, फरक अर्ध्या ग्रॅमपर्यंत. परत न्यायला गेले तर "इलेक्ट्रॉनिक वस्तू परत घेत नाही ताई" एवढंच उत्तर. त्या दुकानाचं नाव लिहायचं नाही मला, पण त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी येताना फार वाईट वाटलं होतं. क्लासच्या फीमधून बाजूला काढलेले पैसे होते ते. दुसरा काटा घेताना मी पर्समध्ये नाणी घेऊन गेले, आणि तुम्हीही तेच करा.

नाण्यांची वजनं ठरलेली असतात. २० रुपयांचं नाणं ८.५४ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, त्याच मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं बरोबर ६ ग्रॅम. वापरून झिजलेलं नाणं थोडंसं इकडेतिकडे दाखवेल, ते चालतं. आधी एक ठेवा, मग दहा ठेवा. वीस रुपयांची दहा नाणी ८५.४ च्या आसपास आली पाहिजेत. काही काटे कमी वजनाला बरोबर आणि जास्त वजनाला चुकीचे असतात, ते इथेच कळतं. मग एकच नाणं ताटलीच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. शेवटी तेच नाणं पाचदा उचलून पाचदा ठेवा. ज्या दुकानदारानं मला हे सगळं शांतपणे करू दिलं, त्याच्याकडूनच मी काटा घेतला. त्यानं वर स्वतःहून सांगितलं की हा काटा दुकानात माल विकायला वापरता येणार नाही, त्याला वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटाच लागतो. शिकवायला हरकत नाही.

आता वर्गात काय केलं ते.

पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. चटणीच्या रिकाम्या बरण्या धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. मुलांनाच सांगितलं, एकेका पदार्थाचा एक मोल तोला आणि बरणीत भरा. मीठ ५८.४४ ग्रॅम. खायचा सोडा ८४ ग्रॅम. पाणी १८ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल २७ ग्रॅम. लोखंडी खिळे ५५.८५ ग्रॅम, एक अख्खा खिळा जास्त होत होता, तेव्हा एका मुलानं कानशीनं घासून घासून तो आकडा जुळवला. तांब्याची तार ६३.५५ ग्रॅम, ती मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली. साखर ३४२ ग्रॅम, आणि इथे काट्याची पहिली अडचण आली, २०० च्या वर तो तोलतच नाही. मग १७१ ग्रॅम दोनदा तोलून भरली. अर्धा मोल अधिक अर्धा मोल. अडचणीतून हिशोबच पक्का झाला.

सगळ्या बरण्या एका ओळीत ठेवल्या. साखरेची बरणी गच्च भरलेली, आणि पाण्याच्या बरणीत तळाला साडेतीन चमचे पाणी. एक मुलगा कितीतरी वेळ त्या दोन बरण्या हातात घेऊन उभा होता. "मॅडम, दोन्हीत रेणू सारखेच?" हो, सारखेच. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा एकोणीसपट जड, म्हणून बरणी एकोणीसपट जड. त्या पोरानं बरण्या खाली ठेवल्या आणि वहीत ३४२ भागिले १८ करून १९ येतात का ते स्वतः तपासलं. मला तो क्षण फार मोठा वाटला.

मग नेहमीचा प्रश्न आला की हा आकडाच असा वेडावाकडा का, सरळ एकावर चोवीस शून्यं का नाही. पूर्वी मोलची व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमशी बांधलेली होती: त्यात जितके अणू, तितक्या कणांचा एक मोल. म्हणजे आकडा आपण निवडला नव्हता, ग्रॅम निवडला होता आणि आकडा त्याच्यामागून आला. २० मे २०१९ पासून उलट झालं, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात हाच आकडा कायमचा ठरवून टाकला. पण उद्देश तोच राहिला, की आवर्तसारणीतला आकडा ग्रॅममध्ये तोलला की एक मोल हातात यावा.

वजन करून संख्या काढणं ही गोष्ट आमच्या भागातल्या मुलांना परकी नाही, हे मला एका मुलीनं दाखवून दिलं. तिची आई विड्या वळते. कारखान्यातून ठरलेल्या वजनाची पानं आणि तंबाखू मिळते, त्यातून ठरलेल्या संख्येनं विड्या करून द्यायच्या. त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी घरून पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणला, दोरा सोडला आणि तोलला. १०.८५ ग्रॅम आले. म्हणजे एक विडी सरासरी ०.४३४ ग्रॅम. मग एकेक सुटी तोलली तर कुठे ०.४१, कुठे ०.४६. विडी हातानं वळलेली, थोडी कमी-जास्त असणारच. तिनं पुढे हिशोब मांडला, हजार विड्यांचं वजन ४३४ ग्रॅम. घरी आईनं वळून मोजून ठेवलेल्या हजार विड्या आमच्या काट्यावर तीन भागांत तोलल्या, बेरीज ४३१ ग्रॅमला थोडी कमी आली. वजनावरून तिनं काढलेली संख्या ९९२. आईनं पुन्हा मोजल्या, हजार भरल्या. न मोजता, नुसतं तोलून, हजारात आठाची चूक! मी तिला म्हटलं, अणूच्या बाबतीत फरक एवढाच की तिथे आईला पुन्हा मोजता येत नाही.

त्याच विड्यांवर तिथल्या तिथे पुढचा भागही शिकवून झाला. पानं संपली आणि तंबाखू उरली तर त्या दिवशी विड्या किती होणार हे पान ठरवणार. जो पदार्थ आधी संपून बाकीच्यांना थांबवतो, तोच लिमिटिंग रीएजंट. पान फाटकं निघालं, विड्या छाटीत गेल्या, म्हणजे खराब म्हणून कारखान्यानं नाकारल्या, तर हिशोबानं हजार व्हायला हव्या होत्या त्या नऊशे चाळीसच मंजूर झाल्या, म्हणजे यील्ड ९४ टक्के. या दोन शब्दांवर मी पूर्वी चार तास घालवत होते. त्या दिवशी पंधरा मिनिटं लागली, आणि समजावणारी ती मुलगी होती. छाट म्हणजे काय, छाट झाली की घरात काय होतं, हे तिनं ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला काढताच आला नसता.

या काट्यावर करण्यासारखा सगळ्यात चांगला प्रयोग मात्र खायच्या सोड्याचा. सोडा तापवला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. दोन मोल खायच्या सोड्यापासून एक मोल धुण्याचा सोडा, एक मोल पाणी, एक मोल वायू. आम्ही ८.४० ग्रॅम सोडा घेतला, म्हणजे ०.१ मोल. स्टीलची वाटी रिकामी ४७.१५ ग्रॅम, सोड्यासकट ५५.५५. मुलांना आधी कागदावर उत्तर काढायला लावलं. उरायला हवा ०.०५ मोल धुण्याचा सोडा, ५.३० ग्रॅम. उडून जायला हवेत ३.१० ग्रॅम: २.२० वायू आणि ०.९० पाणी. म्हणजे तापवून झाल्यावर वाटी ५२.४५ दाखवेल.

मंद गॅसवर तव्यावर वाटी ठेवली. चमच्यानं ढवळायचं नाही, चमच्याला पूड चिकटते आणि हिशोब बिघडतो. सांडशीनं धरून नुसती हलवायची. थोड्या वेळानं पुडीच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांसारखी हालचाल दिसते, पीठ उकळतंय असं वाटतं. वर थंड स्टीलची ताटली धरली तर तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात. कोरड्या पुडीतून पाणी निघतंय हे बघून मागच्या बाकावरची पोरंही पुढे आली. वीस मिनिटांनी गॅस बंद केला. वाटी पूर्ण गार होऊ दिली. हे फार महत्त्वाचं आहे, गरम वाटीभोवतीची हवा वर चढते आणि काटा कमी वजन दाखवतो, शिवाय आतला सेन्सर खराब होतो तो वेगळाच.

पहिलं वजन ५२.९८. सगळ्यांचे चेहरे पडले. "मॅडम, चुकलं." मी म्हटलं, चुकलेलं नाही, अजून झालेलं नाही. उडाले २.५७, उडायला हवे होते ३.१०, म्हणजे ८३ टक्के काम झालं. परत तापवली, गार केली: ५२.६१. परत एकदा: ५२.४८. चौथ्यांदाही ५२.४८. वजन हलायचं थांबलं की क्रिया संपली. 'वजन स्थिर होईपर्यंत तापवा' हे प्रॅक्टिकलच्या वहीत दर वर्षी लिहिलं जातं, ते का लिहितात हे त्या संध्याकाळी कळलं. अपेक्षित ५२.४५, मिळाले ५२.४८. साडेचारशे रुपयांच्या काट्यावर, घरच्या गॅसवर. वर्गात टाळ्या वाजल्या, आणि मी अडवल्या नाहीत. एक सूचना, उरलेली पूड परत स्वयंपाकाच्या डब्यात टाकू नका. तो आता खायचा सोडा नाही.

ती पूड बघून मला माझे वडील आठवले. ते रंगखान्यात मास्तर होते. टॉवेल-चादरींचं सूत रंगवायचे, आणि हाच सोडा, सोडा अ‍ॅश, रंग पक्का बसवायला पोत्यानं यायचा. वडील सातवी शिकलेले, पण हिशोब तोंडावर. "दहा किलो सूत, दोन टक्के शेड, किती रंग?" मी फ्रॉकमध्ये असताना ते विचारायचे. दोनशे ग्रॅम. शेड टक्क्यात सांगायची ती सुताच्या वजनावर, मीठ आणि सोडा सांगायचा तो लिटरमागे ग्रॅमवर. एकाच भांड्यात दोन वेगळे हिशोब, आणि ते कधी गफलत करत नसत. आज माझी मुलं वजनाची टक्केवारी आणि मोलॅरिटी (एक लिटर द्रावणात किती मोल) यांत गोंधळतात तेव्हा मी तेच उदाहरण देते: आधी विचारा, कशाच्या मानानं? सुताच्या, की पाण्याच्या?

काट्याची सगळ्यात मोठी मर्यादाही मला वडिलांच्याच पद्धतीनं ओलांडता आली. ०.०१ दाखवतो याचा अर्थ ०.०१ बरोबर असतं असा नाही. माझ्या काट्यात दोन शंभरांशाचा फरक सहज पडतो. २० ग्रॅम तोलताना त्या फरकाला किंमत नाही, ती ०.१ टक्का चूक. पण ०.२० ग्रॅम तोलायला गेलात तर तोच फरक १० टक्के होतो. म्हणून एक ग्रॅमच्या खाली मी या काट्यावर काहीच तोलत नाही. नमुन्याची लडी रंगवायला वडिलांना रंग लागायचा अगदी चिमूटभर. ते दोन ग्रॅम रंग घेऊन पाणी घालत घालत २०० मिलीपर्यंत भरायचे, आणि त्यातलं ५ मिली घ्यायचे. झाले ०.०५ ग्रॅम. लहान वजन तोलायचं नाही, मोठं तोलून द्रावणातून वाटून घ्यायचं. आमच्या वर्गात आता ५.८४ ग्रॅम मीठ एक लिटरपर्यंत भरून ०.१ मोलर द्रावण होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. 'लिटरभर पाणी घालणं' आणि 'लिटरपर्यंत भरणं' यातला फरक मात्र काटा शिकवत नाही. त्यासाठी मोजपात्र लागतंच, तो खर्च धरून चाला.

आता राहिलेल्या तक्रारी. पंख्याखाली आकडा स्थिर राहत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून चौदा मुलांना बसवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी पुठ्ठ्याच्या खोक्याचा तीन बाजूंचा आडोसा केला आहे, त्यानं बरंच भागतं. काटा मिनिटभर हात लावला नाही की आपोआप बंद होतो, आणि वाटीचं वजन शून्य करून ठेवलं असेल तर तेही जातं. म्हणून रिकाम्या वाटीचं वजन आधी वहीत लिहायचं, बटणावर विसंबायचं नाही. सवय म्हणूनही ती चांगली.

तिसरी खोट लवकर लक्षात येत नाही. शून्यावर असताना मीठ अगदी कणाकणानं टाकत गेलात तर काटा ते मोजतच नाही, शून्यच दाखवत राहतो. स्वस्त काटे बारीक बदलाला स्वतःचा ढळ समजून पुसून टाकतात. आमच्या दोन मुलांनी कितीतरी मीठ टाकलं तरी ०.००! वाटी उचलून परत ठेवली तेव्हा खरं वजन दिसलं. एकदम घालायचं, किंवा वाटी उचलून ठेवून खात्री करायची. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे काटा पुन्हा अचूक जुळवायला, २०० ग्रॅमचं वजन लागतं, ते खोक्यात येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. आणि झाकणाची बिजागरी सहा महिन्यांत तुटली. चिकटपट्टीनं जोडली आहे.

घरातला पाच किलोचा स्वयंपाकाचा काटा चालेल का, असं पालक विचारतात. नाही चालणार, तो एक-एक ग्रॅमनंच सरकतो, ८.४ ग्रॅमच्या प्रयोगात सगळं उत्तरच त्या एका ग्रॅममध्ये लपलेलं असतं. ०.००१ दाखवणारे काटेही मिळतात, पण ते बहुतेक २० किंवा ५० ग्रॅमपर्यंतच तोलतात. आमची रिकामी वाटीच ४७ ग्रॅमची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दशांशानंतर चार आकडे दाखवणारा, काचेच्या पेटीतला काटा असतो, त्याची सर याला नाही. पण त्या काट्यापर्यंत अकरावीच्या मुलाचा हात वर्षातून किती वेळा पोचतो?

परीक्षेच्या दृष्टीनं विचाराल तर सीईटीला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, फिजिक्ससकट ९० मिनिटं. तिथे उत्तर ढोबळमानानं आधी डोळ्यांसमोर यावं लागतं. ज्यानं ५८ ग्रॅम मीठ हातात धरलं आहे, तो पाच ग्रॅम मिठाचे ११ मोल असं उत्तर लिहून पुढे जात नाही. त्याला ते दिसतं, की अकरा मोल म्हणजे अकरा बरण्या.

या जूनच्या बॅचला मी आणखी एक काटा घेणार आहे, ५०० ग्रॅमचा, म्हणजे साखर एकदाच तोलता येईल. पहिल्या बॅचच्या बरण्या अजून खिडकीत आहेत. पावसाळ्यात मीठ ओलं होऊन त्याचं वजन ५९.२ झालं, ते नव्या मुलांना पहिल्याच दिवशी तोलायला देईन, वरचे ०.८ ग्रॅम कुठून आले ते त्यांनीच शोधायचं.